जीपचा छोटा दांडा

आबा, तुम्ही गेलात तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. आता तुमच्या त्या वेळच्या वयापेक्षा मोठी झाले आहे. ह्यांची धरणावरची नोकरी, म्हणून आम्ही हिमाचलात राहतो. इथे हिवाळ्यात बर्फ दारापर्यंत येतो. गेल्या महिन्यात गाडी बदलली. दुकानातला माणूस सांगत होता, ही ऑल व्हील आहे, कुठलं चाक घसरतंय ते गाडी स्वतःच ओळखते आणि जोर दुसऱ्या चाकांकडे वळवते, तुम्ही फक्त बसायचं. मी विचारलं, काही ओढायचं असेल तर? तो म्हणाला, बर्फाळ रस्त्याला हीच बरी, पण चिखलातून जड काही काढायचं तर जुनी दांड्याची फोर व्हीलच लागते. मी मान हलवली. 

आपली जीप तुम्ही लिलावातून आणली होती. गिअरच्या शेजारी एक छोटा दांडा होता, तो पुढे ढकलला की पुढची चाकंही ओढायला लागत. तेव्हा रोह्यापुढे रेल्वेचे रूळ पडत होते, खडीचे ट्रक दिवसभर हायवेवरून धावत, आणि पावसाळ्यात पेणपासून कोलाडपर्यंत कुठे ना कुठे कुणीतरी रुतलेलं असे. टोचन करायला, म्हणजे साखळी बांधून ओढून काढायला, तुम्हालाच बोलावत. मला गाडी तुम्ही मिठागराच्या बांधावर शिकवलीत. एकदा मी चिखलातून वर आल्यावर दांडा मागे घ्यायला विसरले आणि तशीच डांबरावर आले. वळणावर स्टिअरिंग जड झालं, खालून कटकट आवाज आला. तुम्ही गाडी थांबवायला लावलीत. "डांबरावर फोर व्हील ठेवायचा नाय. वळताना पुढची न मागची चाकं सारखी फिरत नायत. गाडी आतल्या आत भांडते, न मग तुटते." चार माणसांदेखत बोललात. मला राग आला होता, पण पुन्हा ती चूक झाली नाही. दुसरी झाली.

तो जुलैचा दिवस. मी धाटावच्या कंपनीत पॅकिंगला होते, दुपारची शिफ्ट होती. पावसाने एसटी बंद, म्हणून तुम्ही मला सोडायला निघालात. खांब गावाच्या अलीकडे लोक हात करताना दिसले. भातलावणीच्या बायांना घेऊन चाललेला टेम्पो रस्त्यावरून खाली घसरून शेतात कलंडला होता. बाया बाहेर आल्या होत्या, पण ड्रायव्हरचा पाय आत अडकलेला, आणि शेतातलं पाणी त्याच्या छातीला लागलेलं. त्याची बायको त्या बायांमध्येच होती. ती ओरडत नव्हती, नुसती त्याची मान पाण्यावर धरून उभी होती. तुम्ही जीप शेतात उतरवलीत, साखळी टेम्पोला बांधलीत आणि मला म्हणालात, "तू बस गो. मी खाली ऱ्हातो, त्याचा पाय बघाया पायजे. दांडा पुढं घाल, हळू क्लच सोड. रेस द्यायची नाय."

मी दांडा पुढे ढकलला. कर्र आवाज आला आणि तो मध्येच अडला. क्लच पुरता दाबून पुन्हा घालायला हवा होता. मला ते माहीत होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, एक म्हातारा म्हणाला, "पोरीच्यान नाय व्हायचा," आणि दांडा पडला असं समजून मी क्लच सोडला. मागची चाकं जागच्या जागी फिरली. पुढची हललीही नाहीत. खाली उतरून सांगायचं, ते सोडून मी रेस दिली. चाकं खाली दगडाला लागली, जीप उसळली आणि साखळी तुटली. टेम्पो तेवढ्या झटक्याने हातभर उचलला गेला, लोकांनी ड्रायव्हरला ओढून काढलं. साखळीचं टोक तुमच्या पोटावर बसलं. तुम्ही बांधावर बसलात. म्हणालात, "काय नाय, मुका मार हाय." मी उतरण्याआधी दांडा मागे घेतला. तो हाताला किती सहज आला ते मला आजही आठवतं.

अलिबागच्या इस्पितळात तुम्ही तीन दिवस होतात. पोटात रक्त झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहा आणायला खाली गेली होती. तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, "फोर व्हील पडला व्हता का?"

मी म्हणाले, "व्हय."

"मंग साखळीच गेलेली. मी बदलाया पायजे व्हती." थोड्या वेळाने म्हणालात, "तुला लागला असता तर." आई आल्यावर तिलाही तुम्ही तेच सांगितलंत, साखळी जुनी होती, माझीच चूक. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

तो ड्रायव्हर लंगडत का होईना, चालायला लागला. दर दिवाळीला बायकोसोबत पेणला आपल्या घरी येई, वालाची पिशवी आईच्या पुढ्यात ठेवी आणि तुमच्या फोटोला हात जोडी. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, एका साखळीपायी माणूस गेला. तुमचा हलगर्जीपणा झाला असं ती कधी म्हणाली नाही, पण तुमच्यावरचा तिचा तेवढा राग शेवटपर्यंत गेला नाही. मी जवळ बसून वाल सोलत असायचे. तो राग एका वाक्यात उतरवता आला असता. ती गेली त्यालाही आता दोन वर्षं होतील.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. सकाळी बंबात घालेन. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मरणाऱ्या माणसाला कशाला दुखवायचं, म्हणून खोटं बोलले. तसं नाही. तुम्ही मरणार आहात असं मला त्या सकाळी वाटलंच नव्हतं. तुम्ही बरे होऊन घरी याल आणि मला पुन्हा जीपला हात लावू देणार नाही, एवढीच भीती वाटली होती.