बाबांच्या डिस्कमधले आवाज

३ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राने बरं वाटलं. इथली बातमी एकच. बाबांनी त्यांचा जुना कॉम्प्युटर माझ्या वर्कशॉपमध्ये आणून दिला. मोडीत काढण्याआधी त्यातली माहिती कायमची पुसणं हे माझं रोजचं काम, पण बाबांनी मला दम भरला: आत डोकवायचं नाही, त्यांनी सगळं डिलीट केलेलंच आहे.

डिलीट केलं की गेलं, असं सगळ्यांनाच वाटतं. खरं म्हणजे दारावरची पाटी तेवढी निघते, बिऱ्हाड आतच असतं. म्हणून आम्ही अख्ख्या डिस्कवर नवं, निरर्थक काहीतरी लिहितो, तेव्हा कुठे जुनं नाहीसं होतं. तर आत काय उरलंय ते तपासायला गेले आणि आवाजाच्या फायलींची ही भली मोठी रांग वर आली! सगळ्या बाबांच्या आजारपणाच्या वर्षातल्या. एकही उघडली नाही. पण हात शिवशिवतायत गं.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न.

उघडली नाहीस? कमाल आहे तुझी! बाबा चोरून गाणं शिकत होते की काय? एक तरी ऐक. नाहीतर मला पाठव, पाप माझ्या माथी.

थट्टा पुरे. त्या वर्षी आपण दोघी घरापासून लांब होतो. मी फोन केला की आई म्हणायची, डॉक्टरांनी त्यांना बोलायला मनाई केलीय. मला ते कधी खरं वाटलं नाही. मी त्यांचं न ऐकता इकडे आले, म्हणून ते रागावलेत असंच मी धरून चालले. त्यात माझ्याबद्दल काही असेल का गं? चांगलं-वाईट काहीही असो, मला कळलेलं बरं.

उत्तराला उशीर लावू नकोस.

तुझी चिमणी

१७ मार्च

चि. चिमणीस,
अ. आ.

ऐकलं नाही. फायली अजून आत आहेत, एवढं बाबांना सांगून टाकलं. ते थेट वर्कशॉपमध्येच येऊन बसले. मी पुसायला घेतलं, तर मध्येच अडलं. डिस्कचा एक भाग खराब आहे, तिथे नवं काही लिहिता येत नाही आणि जुनं मात्र राहू शकतं. अशा डिस्कचा यंत्रात चुराच करावा लागतो.

यंत्र रिकामं होईपर्यंत बाबा आपणहून बोलले. पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांना शब्दच फुटत नव्हते. खोलीचं दार लावून ते कॉम्प्युटरसमोर बसायचे, बोलायचे आणि आपलं आपणच ऐकायचे. माझं नाव लवकर जमलं. तुला चिमणी मी म्हणते, बाबांच्या तोंडी तुझं पाळण्यातलं नाव; त्यातलं जोडाक्षर काही केल्या जिभेवर येईना. तुझा फोन आला की ते हातानेच आईला नको म्हणायचे. बापाला आपलं नावही घेता येत नाही हे कळलं, तर पोर सगळं टाकून परत येईल, ही त्यांना धास्ती.

जमलेलं एखादं तरी ठेवू या का, असं मी विचारलं. ते म्हणाले, आता तोंडात आहे, डब्यात कशाला? आणि बटण त्यांनी स्वतः दाबलं. यंत्र कडाडलं तशी त्यांनी माझा हात घट्ट धरला.

जिवाला जप.

तुझी ताई

२५ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र हातात होतं तशीच बाबांना फोन लावला. त्यांनी उचलला आणि नाव घेऊन हाक मारली. नेहमीसारखीच. मी म्हटलं, लाइन खराब आहे, ऐकू येत नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली. मी पुन्हा तेच म्हटलं. त्यांनी चिडून, अगदी ठणठणीत आवाजात, आणखी एकदा मारली.

लाइन चांगली होती गं.

लोभ आहे तसाच असू दे.

तुझी चिमणी