तीन शब्दांचा निरोप

४ जानेवारी, शनिवार

मास्तरांना नवा चमचा दिला. जुन्याचा दांडा पलंगाच्या लोखंडी कठड्यावर आपटून आपटून वाकला होता. नवा त्यांनी एकदा वाजवून बघितला आणि म्हणाले, "आवाज जड आहे." म्हणजे पसंत! सासऱ्यांच्या तोंडचं कौतुक भिंग लावून शोधावं लागतं. बरं आहे, मी चष्म्याच्या दुकानातच कामाला आहे.

पाय जाऊन त्यांना नऊ वर्षं झाली. त्याआधी अख्खी नोकरी तारघरात. तारघरं बंद पडली, मास्तर बदलले नाहीत. हाक म्हणून मारणार नाहीत, चमचा वाजवणार. दोनदा वाजला की पाणी. तीनदा म्हणजे बाथरूम. आणि एकदाच वाजला तर — कुणीतरी या. धावत जावं, काय झालं विचारावं, तर "काही नाही." आणि मान भिंतीकडे. तो एकाच ठोक्याचा आवाज माझ्या डोक्यात जातो.

उद्या निघायचं. नऊ वर्षांत आम्ही दोघं एकत्र एक दिवसही बाहेर राहिलेलो नाही. नवऱ्याने माळ्यावरून तंबू काढला. दहा-दहा मजल्यांच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, तंबूची कुठली काठी कुठे जाते हे शोधत दोन तास जमिनीवर बसला होता.

मास्तरांना बघायला ठेवलेल्या मावशी शुक्रवारपर्यंत इथेच राहतील. दवाखान्यात आया होत्या, हात मऊ आहेत, तोंड फटकळ. भिंतीवर वेळापत्रक लावलंय — गोळ्या, जेवण, बारा ते एक लिफ्टने खाली अंगणात ऊन. बेटावर मोबाइल लागत नाही, म्हणून धक्क्यावरच्या बोट-कचेरीचा नंबर, लाल पेनाने, ठळक.

मास्तरांना विचारलं, जाऊ ना? म्हणाले, "जा." एका शब्दात काम भागत असेल तर दुसरा कशाला!

६ जानेवारी, सोमवार

पोचलो. दक्षिणेचं शेवटचं बेट, पुढे नुसतं पाणी. बोटीत आम्ही दोघं, बेटावरच्या रखवालदाराचं रॉकेल आणि एक कोंबडी. "थंडीत कोण येतं इथे?" रखवालदार म्हणाला. आम्ही येतो. त्याच्या खोपटात एक वायरलेस आहे, त्यावरून धक्क्याच्या कचेरीशी बोलतो. बोट सोमवारी आणि शुक्रवारी. मधे काही नाही.

तंबू उभा राहिला. जरा डावीकडे झुकलाय. नवरा म्हणतो तो वाऱ्यासाठी मुद्दाम.

७ जानेवारी, मंगळवार

दिवसभरात काहीही केलं नाही. काहीही!

८ जानेवारी, बुधवार

सकाळी टक. एकदाच.

"आले, आले" म्हणत मी उठले, काठीवर डोकं आपटलं, आणि अनवाणी बाहेर वाळूत. समोर समुद्र. तेव्हा कळलं, दोरीची लोखंडी कडी काठीवर आपटत होती. नवरा आतून हसला. मग त्याचं हसणं थांबलं. त्याने आपला मोजा काढून कडीला बांधला आणि मला म्हणाला, "बस जरा. चहा मी करतो."

त्याने केलेला चहा प्यायले. धुराचा वास येत होता. नऊ वर्षं मी अशी उठतेय आणि आज पहिल्यांदा मला ते दिसलं.

मोबाइल दोन्ही बंद पडले. इथे चार्ज करायची सोय नाही. एरवी मी घाबरले असते.

९ जानेवारी, गुरुवार

बेटाच्या पलीकडच्या बाजूला चालत गेलो होतो. परत आलो तर रखवालदार तंबूपाशी उभा. सकाळी वायरलेसवर निरोप आला होता, त्याने सिगरेटच्या पाकिटावर लिहून घेतला होता — घरी फोन करा.

एवढंच? एवढंच. पुढे काही? नाही, कचेरीला घरून जेवढं सांगितलं तेवढंच.

आम्ही खोपटाकडे पळालो. पण दुपारच्या वाऱ्याने वायरलेसची काठी आडवी झालेली. रखवालदाराने दोनदा उभी केली, तारा जोडल्या. नवरा स्वतः छपरावर चढला, लिफ्ट दुरुस्त करणारे हात ते, पण आतला कसलासा तुकडाच तुटलाय आणि तो इथे मिळत नाही. नुसती खरखर.

उद्या बोट आहे.

१० जानेवारी, शुक्रवार

बोट आली नाही. दक्षिणेचा वारा. धक्का दिसतो इथून, पुसट. पिशव्या भरून तीन वाजेपर्यंत वाळूवर बसून राहिलो. नवरा उठून चार पावलं पाण्यात जायचा आणि परत यायचा. दर वेळी बुटात पाणी. दर वेळी बूट काढून पाणी ओतायचा.

रखवालदार म्हणाला, आता सोमवारीच.

तंबू पुन्हा उभा केला.

११ जानेवारी, शनिवार

रात्रभर दोघेही जागे, दोघेही झोपेचं सोंग घेऊन.

सकाळी तोच बोलला. "बाबा बरे असते तर निरोपात तसं असतं. 'सर्व ठीक' एवढे दोन शब्द पुरले असते." मी म्हटलं, बरं नसलं तर मावशींनी सांगितलं असतं, ताप आहे, दवाखान्यात नेलंय. त्यावर तो म्हणाला, "तेच तर. जे परक्या माणसाकडून सांगवत नाही तेच असणार."

मी उठून चहा टाकला.

मग तो लहानपणीचं सांगत बसला. शाळा सुटली की तारघरात जायचा. लोक खिडकीशी यायचे, कागदावर लांबलचक लिहिलेलं असायचं. मास्तर पेन्सिल घेऊन खोडायचे. 'आठवण येते' काढा. 'काळजी वाटते' काढा. ते घेणाऱ्याला कळतं, कामाचं तेवढं ठेवा. उरलेले शब्द मोजायचे आणि खाली चौकट करून आकडा लिहायचे. एकदा एक बाई खिडकीशीच रडायला लागली, म्हणाली, मास्तर, मग माझं राहिलंच काय त्यात? घरी येऊन त्या रात्री मास्तर जेवले नाहीत म्हणे.

हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. बोलता बोलता नवरा रडायला लागला. इतक्या वर्षांत त्याला असा पाहिला नव्हता. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. दुसरं काय करणार होते? समुद्र ओलांडता येत नव्हता.

१२ जानेवारी, रविवार

लिहिते आणि खोडणार नाही.

आज सकाळी जाग आली तेव्हा ऊन तंबूत आलं होतं. मी सलग नऊ तास झोपले होते. आणि मला हलकं वाटत होतं. नुसतं हलकं नाही — बरं वाटत होतं. मास्तर गेले, आता मला कुणी बोलावणार नाही.

मग लाज वाटली. पण आधी बरं वाटलं. क्रम तो आहे.

नंतर आम्ही दोघं वाळूवर बसून त्यांच्या खोलीबद्दल बोललो. कसं सुरू झालं कळलंच नाही. पश्चिमेची खिडकी आहे, संध्याकाळी उजेड छान येतो. तो म्हणाला, मला तिथे हत्यारांचं टेबल ठेवता येईल. मी म्हटलं, मला एक खुर्ची. आणि पलंग? एवढं मोठं लोखंडी धूड, दारातून निघेल का? त्याने वाळूत बोटाने दाराचं माप काढलं, पलंगाचं काढलं. सुटा करावा लागेल म्हणाला.

तो हसला, मी हसले. मग त्याने हाताने वाळू सपाट केली.

१३ जानेवारी, सोमवार

बोट आली. धक्क्याला लागलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि गावाकडची बस सव्वाबाराची.

कचेरीतला कारकून म्हणाला, "हो, बाईंचा फोन होता. मी विचारलं काय झालं, तर म्हणाल्या कागदावर तेवढंच लिहिलंय." त्याच्याच फोनवरून घरी लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. तिसऱ्यांदाही. घरात पांगळा माणूस आणि सांभाळणारी बाई, आणि फोन उचलायला कुणी नाही — याचा अर्थ काय होतो? नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

मग त्याने ताईंना लावला. त्याची थोरली बहीण, अर्ध्या तासाच्या अंतरावर राहते. "ताई, बाबा गेले." तिकडून रडणं मलाही ऐकू आलं. "शांतपणे गेले," हा म्हणाला. कुठून आणलं हे त्याने? "तू पुढे हो, आम्ही येतोय." आणि फोन ठेवता ठेवता, डोकं ठिकाणावर नसल्यासारखा, "तो पलंग तू नेशील का गं?"

मी तिथेच उभी होते. दोन्ही हातांत पिशव्या. त्याला थांबवलं नाही.

हे बसमध्ये लिहितेय. सात तास. अक्षर हलतंय.

१४ जानेवारी, मंगळवार

काल आठला घरी. दिवा लागलेला. दाराबाहेर चपलांचे दोनच जोड, मावशींचा आणि ताईंचा. मला वाटलं, एवढीच माणसं कशी?

तेवढ्यात आतून टक टक टक. तीनदा.

नवरा पायरीवर खालीच बसला. मी आत पळाले, मावशींच्या आधी पोचले, मास्तरांना धरलं, बाथरूमला नेलं. ते गरम होते. जिवंत माणूस किती गरम असतो हे मी विसरले होते. "आलात?" ते म्हणाले. मी नुसती मान हलवली.

काल दुपारी ताई रडत आल्या तेव्हा मास्तर अंगणात चाकाच्या खुर्चीवर उन्हात बसले होते. रोज बारा ते एक. मीच लावून दिलेली वेळ, मीच भिंतीवर चिकटवलेली! फोन वर घरात एकटाच वाजत होता. आणि मला — नऊ वर्षं ज्या घड्याळावर मी जगते ते घड्याळ मला — धक्क्यावर आठवू नये?

मास्तरांना परत पलंगावर बसवलं. नवरा त्यांच्या पायाशी बसला, पाय धरून. सगळं तिथेच थांबतं तर बरं होतं. पण ताईंच्या पोटात काही राहत नाही. दुपारपासूनची भीती त्यांनी रागाने बाहेर काढली. "विचारपूस न करता मारून मोकळा झालास? आणि वर मला म्हणतोस, पलंग नेशील का!"

मावशी पाण्याचा तांब्या उचलून बाहेर गेल्या.

मास्तरांनी कठड्यावर हात ठेवला. एकदा हलवून बघितला. मग म्हणाले, "नेऊ दे तिला. मजबूत आहे अजून."

नवरा म्हणाला, "बाबा, निरोप असा का पाठवलात? काय झालं होतं?"

"काही नाही. शुक्रवारऐवजी सोमवारी या म्हणणार होतो. राहा जरा मजेत. फोनवर सांगणार होतो." आणि मान भिंतीकडे.

चाळीस वर्षं ज्यांनी लोकांच्या घरी तारा पाठवल्या, त्यांना कळू नये की असा निरोप वाचून माणसं काय समजतात? मला राग आला. त्या रागाचा आधारही वाटला.

१५ जानेवारी, बुधवार

मावशी गेल्या, ताई गेल्या. मी कामावर. घरात तिघंच. सगळे एकमेकांशी फार नीट बोलतायत.

१८ जानेवारी, शनिवार

रात्री माझी मीच उठते. जाऊन बघते. ते जागे असतात. पाणी हवं का? "नको." कुणी यायला हवं होतं का? "झोप तू."

सोमवारी आम्ही घरात शिरलो तेव्हाचे ते तीन ठोके. त्यानंतर एकही नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

चमचा सापडला. स्वयंपाकघरात, धुऊन, बाकीच्या चमच्यांमध्ये. माझ्या नवऱ्याकडे त्यांनी दिला म्हणे, "आत ठेव, लागत नाही" म्हणून. त्याने निमूट ठेवला. मी त्याच्यावर ओरडले. तो म्हणाला, "मग काय करायला हवं होतं मी?"

मी चमचा परत उशाशी नेऊन ठेवला. मास्तर म्हणाले, "कशाला?" संध्याकाळी तो पुन्हा स्वयंपाकघरात.

अंथरूण ओलं होतं. त्यांनी बोलावलं नाही. मी चादर बदलत असताना डोळे मिटून पडून होते. तो एकाच ठोक्याचा आवाज आता मला हवाय आणि तो मागायला मला तोंड नाही.

२५ जानेवारी, शनिवार

मास्तरांच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता, म्हणून डबीसकट दुकानात आणला. डबीत, पुसायच्या कापडाखाली, घडी घातलेला कागद. मावशींनी फोनवर वाचला तो. अक्षर मास्तरांचं, पेन्सिलीने —

करमत नाही. भीती वाटते. लवकर या. घरी फोन करा.

पहिले सहा शब्द खोडलेले. एकेक करून, सरळ रेघेने. खाली चौकटीत आकडा — ३.