माझे तीन श्रोते

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१५
आजपासून रोजनिशी. लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा भाच्याच्या गळ्यात घातला, आता वेळच वेळ. ही लेकीकडे गेली आहे, आठ दिवसांसाठी. आज सतरावा. चौतीस वर्षांत इतके दिवस कधी राहिली नाही. जावयाची फिरतीची नोकरी, म्हणून लेकच सोडत नसणार. संकल्प: ही येईपर्यंत घर लख्ख. स्वयंपाक स्वतः. बोलणं कमी.

४ मार्च. सकाळी ८
दूध उतू गेलं. शेगडीचा दोष.

६ मार्च, गुरुवार
बल्ब आणायला गेलो, काचेच्या टाकीसकट तीन मासे घेऊन आलो. शेजारच्या ॲक्वेरियमच्या दुकानातल्या बाईंनी दाखवले. बोटाएवढे, मातकट, सुरीच्या पात्यासारखे चपटे, नाइफफिश म्हणतात. पाठीवर पर नाही, पोटाखाली लांब झालर. तीच हलवून पुढे जातात आणि तशीच हलवून मागे येतात, वळायची भानगडच नाही. उष्ण भागातल्या नद्यांमधले, त्यांच्यातलीही ही छोटी जात. बाई म्हणाल्या की हे अंगातून बारीक करंट सोडतात, त्यावर अंधारात वाट काढतात आणि आपसात बोलतात. ऐकायचं असेल तर पाण्यात दोन वायरी सोडून अँप्लिफायरला जोडा, म्हणे.
अँप्लिफायर! मला शिकवतात! मी काय तीस वर्षं भाजी विकली?
बल्ब राहिला.

८ मार्च, शनिवार. दुपारी ३.३०
पडदे ओढले. वायरी सोडल्या, बॅटरीवरचा जुना अँप्लिफायर, छोटा स्पीकर. टक्, टक्, टक्. तिघांची चाल वेगवेगळी. सवयीने तोंडातून 'चेक, चेक' गेलं आणि तिघेही एकदम बंद! काय ही शिस्त!
आयुष्यभर माइक दुसऱ्यांच्या तोंडापुढे धरला. कुणाचा सत्कार, कुणाचं बक्षीस, कुणाचं लग्न. माझ्या वाट्याला फक्त 'चेक, चेक'. आज पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकायला गप्प बसलं. नाही, पहिल्यांदा नाही. ही बसायची. मी बोलायला लागलो की हातातलं काम थांबवून नुसती ऐकत राहायची. तशी माणसं नशिबाने मिळतात.

९ मार्च, रविवार
हिला फोन. म्हणाली, एक सांगायचं आहे. म्हटलं, आधी माझं ऐक, आणि माशांची संपूर्ण माहिती दिली. चाळीस मिनिटं. मध्ये ती काहीतरी म्हणाली, पण मी तेव्हा अर्थिंगवर होतो. पुढे शेवटपर्यंत हूं की चूं नाही. तिला विषयाची गोडी लागलेली दिसते. लवकरच येईल.

१२ मार्च, बुधवार
व्याख्यानमाला सुरू. रोज चार ते पाच. आजचा विषय: भाचा धंदा कसा बुडवतो आहे. काचेला नाक लावून बोललो, म्हणजे मागच्यालाही ऐकू जावं. पूर्ण तासात एकही टक् नाही. टाळ्यांची मी अपेक्षा करत नाही.
संकल्प: उद्या फक्त निरीक्षण. तोंड बंद.

१३ मार्च
पावणेदोन तास बोललो. विषयच तसा निघाला. भांडी उद्या.

१६ मार्च, रविवार. सकाळी १०
भांडी उद्या नक्की. फोन लेकीने उचलला. म्हणाली, बाबा, आज आईचं जरा ऐकून घ्या. म्हटलं, दे की तिला, मी कुठे नको म्हणतोय! ही आली, 'अहो, मी' म्हणाली, आणि मला नेमका गीझर आठवला. गीझर बिघडलाय, तो कोणत्या माणसाला दाखवायचा हे तिलाच माहीत. मग ओघाने बाकीच्या गोष्टी निघाल्या. शेवटी विचारलं, येतेस कधी? गप्प. मनात दिवस मोजत असणार.
दुपारी परत फोन केला, एक मुद्दा राहिला होता. तेव्हाही तिने सगळं ऐकून घेतलं.

१९ मार्च, बुधवार
मासे खात नाहीत. एक तर पार चिपाड झाला आहे. बाईंकडे जाऊन सांगितलं की व्याख्यानात इतके रंगतात की खाण्याचं भान राहत नाही. बाईंनी मला दोनदा थांबवायचा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा काउंटरवर हात आपटला. म्हणाल्या, काका, ते ऐकत नाहीयेत, घाबरलेत. मोठा मासा जवळ आला की हे करंट बंद करतात, म्हणजे आपण कुठे आहोत ते त्याला कळू नये. तो निघून जाईपर्यंत तसेच राहतात.
दुकानात बसणाऱ्यांना श्रोता म्हणजे काय ते कळायचं नाही.

२० मार्च
आज जाऊन बाईंना चांगलं सुनावणार होतो. गुडघा दुखतो.

२२ मार्च, शनिवार. दुपारी ४
बाईंना खोटं पाडण्यासाठी प्रयोग. खुर्ची लांब भिंतीशी नेली, तोंडावर रुमाल धरून बसलो. पंधरा मिनिटं काही नाही. मग एक टक्. मग दुसऱ्याचा. मग तिघेही सुरू झाले, एक हळू, दोघे घाईत. लपायला टाकलेल्या पाइपाच्या तुकड्यातून बाहेर आले, पुढे गेले, मागे आले, तळाचा खाऊ खाल्ला. चिपाड झालेल्यानेही खाल्ला. मी तासभर ऐकत बसलो. त्यातलं काही कळत नव्हतं, तरी उठवेना. शेवटी मला खोकला आला आणि सगळं बंद.
चौतीस वर्षं, असं वाक्य लिहायला घेतलं होतं. पुढचं सुचत नाही.

२३ मार्च, रविवार. सकाळी ११
संकल्प: आज फोनवर एक शब्दही बोलायचा नाही.
हिने उचलला. दोनतीनदा हॅलो हॅलो केलं. मग लेकीला म्हणाली की यांचाच आहे, पण आवाज येत नाही, लाइन खराब असेल. फोन तसाच कुठेतरी ठेवला, बंद करायचा राहिला. आणि ही बोलायला लागली. शिवणाच्या क्लासमधल्या कुणा बाईने दोन्ही बाह्या एकाच बाजूला शिवल्या, त्याची गोष्ट. त्या बाईची नक्कल करून दाखवत होती. लेक हसून बेजार. मलाही हसू येत होतं, तोंड दाबून बसलो. ही शिवणाच्या क्लासला जाते हे मला माहीत नव्हतं. ही इतकं बोलते, हेही नव्हतं.
मग लेकीने विचारलं की बाबांना सांगितलंस का, तू आता इथेच राहणार म्हणून. ही म्हणाली, चारदा सांगितलं. त्यांना ऐकूच गेलं नाही.
मी 'अगं' म्हणालो. तिकडे दोघीही एकदम गप्प झाल्या. मी म्हणालो, आज ऐकू गेलं.
बराच वेळ थांबलो. मग फोन मीच ठेवला.