उत्तर ह्यांनी द्यायचं

१० जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक, तुझे डॉक्टर जातभाई सोडून. काल ह्यांना घेऊन पुन्हा दवाखान्यात गेले. ताटकळून कंबर मोडली तेव्हा कुठे आत बोलावलं. डॉक्टर म्हणजे कालचं पोर, पण मिजास बघ! मान कम्प्युटरमध्ये. काय होतंय, असं त्याने त्या पडद्यालाच विचारलं. मी म्हटलं, पडदा धडधाकट आहे, आजारी हे आहेत. हसला नाही की लाजला नाही, टकटक चालूच. झोप कशी म्हणे. सांगितलं, कुंभकर्णाला लाजवतील. भूक? बरी. डोकं दुखतं का? दुखतं, रोज सकाळी, पण पित्ताचं; ह्यांच्या घराण्यातच आहे. तेवढंच उचललं आणि दर महिन्यासारख्या त्याच पित्ताच्या गोळ्या लिहून मोकळा झाला.

हे आपले खुर्चीत ढिम्म. जन्मभर दुकानात कपडे शिवले, आता तोंडही शिवून घेतलंय. दहा वेळा विचारावं तेव्हा एक वाक्य निघतं, तेही मलाच पुरं करावं लागतं.

असल्या ठोंब्यांना डिग्र्या कोण देतं रे? तुझ्याकडे बघून थोडी कल्पना येतेच म्हणा.

लोभ आहेच. वाढवायचा की नाही, ते तुझं उत्तर आल्यावर ठरवीन.

तुझी ताई

१७ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून त्या डॉक्टरची कीव आली. निदान तूच करून गेलीस, त्याने फक्त टाइप केलं. माझ्याकडेही तुझ्यासारख्या बायका रोज येतात. नवऱ्याची नाडी बघायला गेलो तर हात स्वतःचा पुढे करतात! अर्थात तोही गाढवच. महिनोन् महिने तीच गोळी लिहितो आणि पेशंटचं तोंड बघत नाही. रोज सकाळी उठणारी डोकेदुखी पित्ताचीच, हे तुला सांगितलं कुणी?

दाजींना मला फोन करायला सांग. दाजींना, तुला नव्हे.

राग मानशीलच. मानून झाला की लोभ असू दे.

तुझा धाकटा

२४ जून

प्रिय मेहुणेबुवा, स. न. वि. वि.

फोन कर म्हणून हिने सांगितलं, पण नंबर लावून कानाला हीच लावते. म्हणून ही झोपल्यावर दुपारी लिहायला बसलो.

गेले काही महिने बोलताना मध्येच शब्द जातो. काल टेबलावर ........ होती. कापड कापायची, दोन पात्यांची. रोज हातात असते. नाव येईना. बघा, लिहितानाही आलं नाही. हिला पत्ता नाही, कारण मी अडकायच्या आत ही वाक्य संपवते. दुकानात आमचं असंच चालायचं. मापं मी घ्यायची, गिऱ्हाइकाशी बोलायचं हिने.

दवाखान्यात मी दोनदा तोंड उघडलं. एकदा हिने पित्त सांगितलं, एकदा डॉक्टरांनी घंटी वाजवून पुढच्याला बोलावलं. त्यांना ऐकायचं नसतं, हिला थांबायचं नसतं. दोघांनी मिळून माझं दुखणं छान जोपासलंय.

आता रोज होतं. जीव घाबरा होतो. हिला सांगायला गेलो की हीच मला सांगते. काय करू, कळवा.

आपला,
दाजी

२८ जून

ती. ताईस सा. न.

हे पत्र मुद्दाम कुरियरने. फोनवर तू मलाच गप्प केलं असतंस. दाजींना बोलताना शब्द सापडत नाहीत. तू इतक्या चपळाईने पुरवतेस की कुणाला कळलंच नाही. मेंदूचा स्कॅन ताबडतोब व्हायला हवा. पत्र मिळताच जा. सोबतची चिठ्ठी त्या शहाण्याच्या कीबोर्डवर ठेव, म्हणजे मान वर करील. तू आत बस, पण तोंडातून अक्षर काढू नकोस. दाजी अडले तर अडू देत. उत्तर त्यांनीच द्यायचं.

पित्ताचं नाव काढलंस तर मी तुझा भाऊ नाही.

धाकटा

६ जुलै

चि. धाकट्यास आशीर्वाद.

गेलो. चिठ्ठी वाचून त्याने प्रथमच खुर्ची वळवली. काय काम करता, असं ह्यांना विचारलं. हे म्हणाले, मी, आणि थांबले. एवढा सोपा प्रश्न! उत्तर माझ्या जिभेवर होतं, मी ओठ दाताखाली धरले. हे माझ्याकडे बघत राहिले, दुकानात टाचणी मागताना बघायचे तसे. मी दिला नाही शब्द. शेवटी ह्यांनी शर्टाची शिवण बोटाने दाखवली. मला रडू फुटलं. तो ठोंब्या, आणि मी त्याला ठोंब्याच म्हणणार, टकटक विसरून बघत बसला.

स्कॅन झाला. मेंदूत डाव्या बाजूला गाठ आहे. आधी का नाही आणलंत, असं सर्जनने मलाच विचारलं. आधी? महिन्याच्या महिन्याला नेत होते की! आणून काय उपयोग झाला, ते तुला माहीतच आहे.

ऑपरेशन गुरुवारी. नंतर बोलणं किती राहील, सांगता येत नाही म्हणे. म्हणून आता रोज संध्याकाळी हे बोलतात आणि मी ऐकते. अडतात, चिडतात, घामाघूम होतात. काल म्हणाले, मला तुझी, आणि अडले. पुढचा शब्द माझ्याकडे तयार होता. काळजी वाटते, एवढंच ना! पण तुझं ऐकून गप्प बसले. खूप वेळाने त्यांना त्यांचा शब्द सापडला. भीती. भीती वाटते म्हणाले, पहिल्यापासून.

इतकी वर्षं ह्यांची वाक्यं मी पुरी केली. त्यातली ह्यांची किती होती रे?

गुरुवारच्या आत ये. आलास की आधी ह्यांच्यापाशी बस. मी बाहेर थांबेन.

तुझी ताई