रोशनीचं नाव आलंच नाही

मंगळवार, १९ जून, अकोला

शेतकरी बाप गमावलेल्या मुलींचं आमचं वसतिगृह. निवड झालेल्यांची यादी वेबपेजवर मी लावली. जावास्क्रिप्ट नुकतीच शिकतेय, तरी "येतं मला" कशाला म्हणाले? अ‍ॅरेतलं, म्हणजे कोडमधल्या यादीतलं, पहिलं नाव शून्य क्रमांकावर असतं. एकेक नाव दाखवणारा लूप मी एकपासून फिरवला. पहिलंच नाव, रोशनी इंगळे, स्क्रीनवर आलं नाही.

ती आईबरोबर हिवरखेडहून आली, यादी पाहून परत गेली. ऑफिसातल्या शाहीनने चार वाजता सांगितलं. लगेच फोन लावला.

"बाई, नाव नाई म्हनून आमी गाडीत बसलो," आई म्हणाली.

"नाव आहे. चूक माझी. परत या."

मग रोशनीचा आवाज. "मॅडम, मंग कावून नोतं?"

एका आकड्यापायी, हे तिला कसं सांगू?

लूप बदलला. आता फॉर-ऑफ. क्रमांक नकोच, एकेक नाव सरळ हातात. पहिलं नाव दिसलं. तरी पाच वेळा वाचलं.

सहाला दोघी आल्या. रोशनीने स्वतःचं नाव पाहिलं. हसली नाही. म्हणाली, "अजून कोनाचं राह्यलं नाई ना?"