लेडीज मीटची खबर आणि रेवतीचा प्रश्न

प्रिय अनिरुद्ध,

पत्र लिहायची सवय आपली केव्हाच सुटली होती. फोन आले आणि लिहिणं राहूनच गेलं. आज लिहितेय, कारण रेवतीला सैन्यात जायचं आहे. काल सकाळी सांगितलं तिनं, आणि उत्तर द्यायला मला आज संध्याकाळपर्यंतचा वेळ दिलाय. अशा वेळी तू फोनवर एवढंच म्हणायचास, "तू बघ गं." बघतेय रे! तू गेल्यापासून दुसरं काय करतेय?

बनारसला, दूधविनायक मोहल्ल्यात, आईच्या गच्चीवर बसलेय. माघातलं छान ऊन आहे. शेजारच्या गच्चीवर माकडं कुणाचे तरी पापड फस्त करतायत आणि आई खालून ओरडतेय, "मृणाल, काठी घे, काठी!" तिला वाटतंय मी क्लबचं काही लिहितेय. ते अगदीच खोटं नाही. रेवतीची गोष्ट क्लबातच सुरू झाली.

तुला आम्हा ऑफिसरांच्या बायकांच्या क्लबच्या बातम्यांचं केवढं वेड! वर बर्फातल्या त्या चौकीवरून फोन लागला, की जेवलीस का, रेवती बरी आहे ना, आणि लगेच, "बोल, लेडीज मीटला काय झालं?" तंबोला कोण जिंकलं, नवी आलेली नवरी गाणं म्हणताना कशी अडखळली, सीओसाहेबांच्या बायकोनं केलेला केक कुणी आणि कुठल्या कुंडीत लपवला. तू इतका हसायचास की मागून तुझे जवानही हसायला लागायचे. माझ्या बनारसी मराठीलाही हसायचास. "हिंदीला मराठी प्रत्यय लावून बोलता तुम्ही लोक," म्हणे! सांगलीचा मोठा शहाणा!

आणि शेवटी न चुकता विचारायचास, "वेलफेअरचं काय सांगितलं?" मी उडवून लावायचे. पेन्शनचे कागद, मेडिकल कार्ड, नवरा गेलेल्या बायकांसाठी कुठल्या सवलती, हे वाचायला लागले की आम्ही सगळ्याजणी चहाकडे वळायचो. कंटाळा नव्हता तो. ऐकलं तर आपल्याला लागू होईल, असं वाटायचं.

मग तू सकाळचा चहा पिता पिता खाली बसलास, आणि उठलाच नाहीस. गोळी नाही, हिमवादळ नाही. हृदय! डॉक्टरांना "एकदम टकाटक" म्हणून जे तू मिरवायचास, तेच. इतकं कसं फसवलंस रे आम्हाला?

क्वार्टर सोडलं आणि रेवतीला घेऊन मी इथं आले. इथल्या छावणीतल्या क्लबाची बोलावणी यायची. मी जायचे नाही. ऑफिसरांच्या बायकांचा क्लब तो. मी आता कुणाची बायको? आई म्हणायची, "जाऊन तर ये." मी मंगला गौरीच्या देवळात जाऊन यायचे आणि बाहेर पडल्याचं समाधान तिला द्यायचे.

एक दिवस मिसेस बत्रा स्वतः आल्या. छावणीतल्या सगळ्यात मोठ्या साहेबांच्या पत्नी, क्लबाच्या अध्यक्ष. गाडी मोठ्या रस्त्यावर सोडून गल्ल्यांतून चालत, चुकत, वाटेत आडव्या बसलेल्या सांडाला वळसा घालून. दारात उभ्या राहिल्या तेव्हा कडक इस्त्रीच्या साडीचा काठ चिखलात भरला होता. "मृणाल, ये तुम्हारी गली है कि भूलभुलैया?"

आईनं त्यांना थालीपीठ वाढलं. दुसरं मागून घेतलं त्यांनी. मग हात पुसत म्हणाल्या, "कहाँ लिखा है कि साहब नहीं रहे तो तुम क्लब की नहीं रही?" मी ताटली उचलायला गेले. "वेलफेअर की खबर मैं पढ़ती हूँ तो सब फोन देखती हैं. तुम बोलोगी तो सुनेंगी."

मी बोलले तर का ऐकतील, हे मला कळलं. राग आला. तरी पुढच्या मीटला गेले.

श्रावणातल्या तीजचा, इकडच्या सुवासिनींच्या सणाचा, कार्यक्रम होता. लॉनवर झोपाळा बांधलेला, सगळ्या हिरव्या साड्यांत. एक लहानखुरी कॅप्टनची बायको एकेकीच्या हातावर मेंदी काढत होती. माझ्यापाशी आली आणि थबकली. "मॅम, आपको... लगाऊँ?" मी हात पुढे केला. नक्षी झाली, आणि सवयीनं तिनं विचारलं, "साहब के नाम का अक्षर?" शेजारचीनं तिला कोपरानं ढोसलं. मी आधी नको म्हटलं. मग म्हटलं, "लिख दो." तुझा 'अ' माझ्या तळव्यावर बरेच दिवस होता. आईनं पाहिला. त्या रात्री माझ्या भाकरीवर तूप जास्त होतं.

त्याच दिवशी मी पहिल्यांदा वेलफेअरचं सांगायला उभी राहिले. कागद बाजूला ठेवला आणि तुला फोनवर सांगायचे तसं सांगत गेले. कुठलं कार्ड नवं करायचं, मुलांच्या शिक्षणासाठी अर्ज कुठे द्यायचा. शेवटी सांगितलं, की नवरा नोकरीत असताना गेला असेल, तर बायकोला स्वतः सैन्यात अधिकारी होण्यासाठी वयाची सवलत मिळते. चहाकडे कुणी वळलं नाही.

मागे खांबाशी एक मुलगी बसली होती. शालिनी. नवरा कॅप्टन होता, गेला त्याला वर्षही झालं नव्हतं. शेजारी डोक्यावर पदर घेतलेली सासू, तिच्या मांडीवर शालिनीची छोटी. सगळ्या पांगल्यावर शालिनी माझ्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "मॅम, वो आख़िरी वाली बात, फिर से बताइए."

पुढचं ऐक. तिची अर्ज करायची तयारी होती, सासूची मनातून होती, पण सासरे ऐकेनात. निवृत्त शाळामास्तर, रायबाबूजी म्हणतात त्यांना सगळे. सारनाथच्या बाजूला घर आहे. शालिनीनं मला बोलावलं. रविवार होता, म्हणून रेवतीही आली बरोबर.

बाबूजींनी पाणी, गूळ, सगळं रीतसर पुढे केलं. मग म्हणाले, "एक बेटा दे दिया, बहन जी. अब बहू भी माँगती हैं आप लोग?"

भिंतीवर हार घातलेला त्यांचा मुलगा, गणवेशात, तुझ्यासारखाच किंचित वाकडं हसणारा. उठून यावं असं वाटलं. पण शालिनी दाराशी उभी होती आणि तिचे डोळे माझ्यावर होते.

मी म्हटलं, "माँग कोई नहीं रहा, बाबूजी. वो खुद माँग रही है."

बाबूजींनी गुळाची वाटी उगाच माझ्याकडे सरकवली. तेवढ्यात आतून सासूबाई आल्या, छोटीला कडेवर घेऊन. ती माउली नवऱ्यासमोर कधी मोठ्यानं बोलली नसेल. म्हणाली, "गुड़िया हमरे लगे रही. एके जाए दा." नात माझ्याजवळ राहील, हिला जाऊ द्या. एवढंच बोलून आत गेली, आणि आतून भांड्यांचा नेहमीचा आवाज सुरू झाला.

शालिनी पहिल्या मुलाखतीत नापास झाली. रडली नाही, चिडली! दुसऱ्यांदा बसली आणि निवडली गेली. चेन्नईच्या ट्रेनिंगहून तिचे फोन यायचे. पाय सोलवटलेत, छोटीची आठवण येते, आज दोर चढले. आम्ही क्लबात ते फोन स्पीकरवर लावायचो.

ती अधिकारी झाली त्या दिवशी मिसेस बत्रांनी तंबोला रद्द केला आणि चेन्नईचा सोहळा दाखवायला मेसच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावला. संचलन संपलं. खांद्यावर तारे लावायला बाबूजी पुढे झाले. पहिल्यांदा तारा वाकडाच बसला त्यांच्याकडून. शालिनी ताठ उभी, समोर बघत. पण ओठ हलले. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, बाबूजी मात्र हसले. इकडे सगळ्या जणी रडत होत्या, आणि मिसेस बत्रांनी दोन बोटं तोंडात घालून सणसणीत शिट्टी मारली! अनिरुद्ध, तू हवा होतास रे. ही खबर तुला फोनवर सांगायची होती.

मला स्टेजवर बोलावून शाल दिली. मी छोटंसं भाषणही केलं. धैर्य, नवी पहाट, असलं काहीबाही. रेवती पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

आणि काल सकाळी तिनं सांगितलं. ती रोज पंचगंगा घाटाच्या पायऱ्या पळत चढते-उतरते. मला वाटायचं, परीक्षेच्या अभ्यासानं अंग आंबतं म्हणून. घामाघूम होऊन आली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "आई, बारावीनंतर मला बाबांच्या अकादमीत जायचंय. मुलींना घेतात आता. मी पक्कं ठरवलंय, बस तू हो बोल."

मी म्हटलं, "नाही."

अगदी लगेच. विचारही न करता. हातातली पोळी तव्यावर करपली.

"का नाही?"

"नाही म्हणजे नाही. बँकेत जा, युनिव्हर्सिटीत शिकव. तुझे मामा करतात ना नोकऱ्या? माणसं संध्याकाळी घरी येतात."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "शालिनीदीदीच्या घरी तर तू काय मस्त बोललीस! मी होते ना तिथं. माँग कोई नहीं रहा, आई. मीच मागतेय. दुसऱ्यांच्या घरी चालतं, आपल्या नाही? उद्या संध्याकाळपर्यंत विचार करून सांग."

दुसऱ्याच्या सुनेला वाट दाखवताना केवढी शहाणी होते मी!

रात्री आईला विचारलं. ती म्हणाली, "तुला फौजीला दिली तेव्हा मी कुठं झोपले होते?" आणि कूस बदलून स्वतः मात्र छान घोरायला लागली.

थांब, लिहिता लिहिता एक सुचलंय. बाबूजींना फोन करून येते.

आले. ऐक काय म्हणाले ते. मी रेवतीचं सांगितलं आणि सरळच विचारलं, "बाबूजी, आपने कैसे भेजा?" मला वाटलं होतं, मास्तर आहेत, काही शिकवतील. देश, कर्तव्य, गीतेतला एखादा श्लोक.

हसले आधी. म्हणाले, "भेजा कहाँ, बिटिया? बस, रोका नहीं." पुढे म्हणाले, "अब भी सबेरे फोन बजता है तो हाथ काँपता है. फिर गुड़िया को स्कूल छोड़ने जाते हैं. दिन निकल जाता है."

मी म्हटलं, "मला... मुझसे नहीं होगा." फोनवर आधी मराठीच आलं तोंडातून.

"होगा कैसे नहीं? डर के साथ ही होता है. डर जाने का इंतज़ार करोगी तो तुम्हारी बिटिया बूढ़ी हो जाएगी."

अनिरुद्ध, इतकी वर्षं मी समजत होते की ज्यांना भीती वाटत नाही तेच निरोप देऊ शकतात. तुला स्टेशनवर सोडताना मी हसायचे, ते तुला खरं वाटायचं का रे? की तुलाही ठाऊक होतं आणि तूही हसायचास?

रेवती क्लासहून आलीय. जिन्यात तिच्या पायांचा आवाज येतोय. आता पुन्हा थांबते.

सांगितलं. संध्याकाळपर्यंत थांबलेच नाही. ती दप्तर टेकवते आहे तोच म्हटलं, "जा. पण मी रडणार, आणि लपवणार नाही. चालेल?" तिनं इतक्या जोरात मिठी मारली की चष्मा वाकला माझा. "चलेगा, आई, चलेगा," म्हणत राहिली. मी खरंच रडले आणि तीही रडली. आई काठी घेऊन वर आली. तिला वाटलं, माकड चावलं कुणाला तरी.

निवड होईल न होईल, ते पुढचं पुढे. पण तुला आज वचन देते. तुझं नाव तिच्या पाठीवर ओझ्यासारखं लादणार नाही. "बाबांसारखी हो" असं तिला मीही म्हणणार नाही आणि दुसऱ्यांनाही म्हणू देणार नाही. तिचा अभिमान वाटायला तुझी तुलना कशाला हवी? आणि परत यावंसं वाटलं तिला, तर का आलीस म्हणून विचारणार नाही.

अजून एक आहे. गंगेकाठी राहते आणि पोरीला पोहता येत नाही! ते तू स्वतःकडे ठेवलं होतंस, "पुढच्या सुट्टीत मी शिकवतो" म्हणून. थंडी ओसरली की मीच तिच्याबरोबर पाण्यात उतरणार आहे. लहानपणी मी पोहायचे, ते शरीर विसरलं नसेल. पोटाखाली हात धरीन तिच्या, आणि पाय मारायला लागली की न सांगता काढून घेईन.

तुझी,
मृणाल