बाबांच्या शर्टाचं बटण

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग (गुडघे परवानगी देतील तेवढा) नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? इकडे सगळं ठीक, बाबांचे डोळे सोडून. मोतीबिंदू पिकलाय, आणखी थांबलात तर नजर जाईल असं डॉक्टर म्हणतात. ऑपरेशन करून घ्या म्हणून मी रोज घसा कोरडा करतो. बाबा पेपर उलटा धरून "मला सगळं दिसतं" म्हणतात.

परवा वर्गात प्रथिनं शिकवत होतो. (झोपू नकोस, थोडक्यात सांगतो.) काही प्रथिनं अशी हट्टी, की त्यांचं काम जिथे चालतं तिथे कितीही डोकं आपटा, ढिम्म. पण एखादा चिमुकला रेणू भलत्याच जागी, पार मागच्या अंगाला अलगद येऊन बसतो, अख्ख्या प्रथिनाचा आकार बदलतो आणि स्वारी कामाला लागते. मग ते शेजारच्याला हलवतं, तो पुढच्याला, आणि पेशीच्या दारावरचा निरोप आत पोचतो. बोलता बोलता आई आठवली आणि खडू हातातच राहिला. आपल्या सहलीला बाबांनी नकार दिला, की ती सहलीचा विषयच काढायची नाही, आठवतं? सुईदोरा घेऊन बाबांच्या अंगावरच्याच शर्टाला तुटलेलं बटण लावत बसायची. दातांनी दोरा तोडेपर्यंत होकार आलेला असायचा! इतकी वर्षं हेच शिकवून पोट भरतोय, आणि घरातलं दिसलं नाही मला.

घरी येताच प्रयोग केला. बाबांच्या अंगावरच्या शर्टाचं एक बटण तुटलेलंच होतं. ताई, मी शर्ट बनियनला शिवला, आणि वर माझी बाहीही त्यातच. तेवढ्यात बेल वाजली. मी उठलो, बाबाही उठले (उठावंच लागलं), आणि आम्ही जोडीनं दार उघडलं. पोस्टमन बघतच राहिला. आई गेल्यापासून बाबा पहिल्यांदा खळखळून हसले. मग लोंबणारा दोरा चाचपत म्हणाले, "ती दोरा दातानं तोडायची रे." ऑपरेशनचं बोलायला माझी जीभच रेटेना. आईची फार आठवण येते गं.

तुझा,
भाऊ

ता. क. खरं काम असं : तुझा हात अगदी आईसारखा आहे. रजा काढ आणि ये.

आणखी ता. क. बाबांनी हे पत्र (न विचारता) भिंग लावून अर्धा दिवस वाचलं. म्हणतात, "शास्त्र कच्चं आहे तुझं. नकार दिला की ती जवळ येऊन बसायची, म्हणून द्यायचो. बटणंही मीच तोडायचो." आत्ता उरलेली सगळी बटणं तोडून टेबलावर ठेवली आहेत, आणि तू येशील त्या दिवसाची ऑपरेशनची तारीख घ्यायला मला सांगतात.